थेटरातच का? तुम्ही विचारलंत म्हणून

"ताई, दोन महिन्यांनी मोबाइलवर येतोच की पिक्चर, मग भुसावळहून जळगावला कशाला जाता?" भिशीत, लग्नात, ऑफिसात, जिथे जाईन तिथे लोक हेच विचारू राहिले. आज सविस्तर सांगते. मराठी पिक्चरला आमच्याकडे दिवसाला एखादा शो मिळतो, तोही अडनिड्या वेळेला, पहिल्या आठवड्यात माणसं गेली नाहीत तर तोही जातो. म्हणून मी जाते. आणि दुसरं कारण म्हणजे आजूबाजूला माणसं असली की पिक्चर वेगळाच दिसतो.

'छावा' बघितला तेव्हा थेटर भरलेलं होतं. सुरुवातच संभाजी महाराजांच्या बुऱ्हाणपूरवरच्या हल्ल्याने आहे, १६८१ सालची गोष्ट, आणि बुऱ्हाणपूर म्हणजे तेव्हाचं खान्देश सुभ्याचं मुख्य ठाणं, आमच्या भुसावळहून रेल्वेने तासाभराच्या आत, माझी मावशी तिथेच दिलेली, तिच्या घराजवळचा तो जुना कोट लहानपणापासून बघत आलेय, त्यामुळे पहिल्या पाच मिनिटांतच अंगावर काटा आला. मग ती सिंहाशी झुंज येते, ती मला नको होती. विकी कौशलने जीव ओतलाय, पण आरडाओरडा फार आहे, आणि टोपी विणत शांत बसलेला अक्षय खन्नाचा औरंगजेब त्याहून जास्त घाबरवतो.

'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' २८ फेब्रुवारी २०२५ ला आला. हिंदी आहे, पण मालेगाव आमच्या धुळ्याचं शेजारी, त्यामुळे तो मला घरचाच वाटला. सायकलची ट्रॉली न् बैलगाडीची क्रेन करून पिक्चर काढणारी ही खरी माणसं, आणि यंत्रमागावर काम करणारा शफीक त्यांच्या पिक्चरात सुपरमॅन होतो. थेटरात आम्ही जेमतेम पंधरा जण होतो, फार वाईट वाटलं. हा चुकवला असेल तर आता मोबाइलवर का होईना, बघाच.

'दशावतार'मध्ये दिलीप प्रभावळकर, तेव्हा वय ८१, नजर अधू होत चाललेला म्हातारा दशावतारी, म्हणजे कोकणातल्या दशावतारी नाटकांत सोंग घेणारा, झालेत. नंतर नंतर पिक्चर भडक होतो, पण तो म्हातारा तोंडाला रंग लावायला बसला की मला मामांच्या गावची जत्रा आठवत होती, बैल जुंपलेला तगतराव, त्यात बसलेले तमाशावाले, आणि वेशीपर्यंत पळणारी आम्ही पोरं. कोकणाने आपलं सोंग आपल्या बोलीत पडद्यावर आणलं, आमच्या तगतरावावर कोणी कधी पिक्चर काढेल? आमच्या खान्देशी बोलीत, अहिराणीत, तावडीत, मोठ्या पडद्यावर. मी पहिल्या दिवशी पहिल्या शोला जाईन.

आणि 'आता थांबायचं नाय'. १ मे २०२५ ला आलेला, शिवराज वायचळचा. मुंबई महापालिकेचे चतुर्थ श्रेणी कामगार रात्रशाळेत जाऊन दहावी देतात, खरी घडलेली गोष्ट. याला मी आमच्या गल्लीत घंटागाडीवर येणाऱ्या मावशींना घेऊन गेले. मावशी सातवीत शाळेतून काढलेल्या, लग्न लावलं म्हणून. पहिला अर्धा तास त्या पदराने हात पुसत होत्या, एसीची सवय नाही म्हणत होत्या, मग भरत जाधव, सिद्धार्थ जाधव पुस्तकं घेऊन बसायला लागले तशा पुढे सरकल्या, खुर्चीच्या अगदी काठावर, आणि इंटरव्हलला पॉपकॉर्न विचारलं तर ऐकूच गेलं नाही. परतताना एसटीत जळगाव सुटल्यावर बराच वेळ गप्प, आणि साकेगाव आलं तेव्हा म्हणाल्या, "ताई, ते सतरा नंबरचा फॉर्म म्हणतात तो कुठे भेटतो वो?"

हे मोबाइलवर झालं असतं का, तुम्हीच सांगा.

बाहेरून दहावी द्यायचा हा फॉर्म आता ऑनलाइन भरायचा असतो, शाळा सोडल्याचा दाखला लागतो. तो काढायला सोमवारी आम्ही दोघी त्यांच्या गावच्या शाळेत जाऊ राहिलो.