मेसेजमधलं क्रेडिट आणि आमचं भडंगाचं दुकान

अकरावीला अकाउंट्स शिकवायला लागल्यापासून दरवर्षी एक प्रश्न ठरलेला. मॅडम, खात्यात पैसे आले की मोबाईलवर क्रेडिटेड असा मेसेज येतो, मग तुम्ही पैसे आले की डेबिट का म्हणता? आधी मी सरळ नियम पाठ करून घ्यायचे, येईल ते नावे (म्हणजे डेबिट), जाईल ते जमा (म्हणजे क्रेडिट), पोरं घडाघडा म्हणायची आणि पेपरात बरोबर उलटं लिहायची. १४९४, व्हेनिस, लुका पाचोली, म्हणजे द्विनोंदी पद्धत पहिल्यांदा छापील पुस्तकात कुणी मांडली, हेही सगळ्यांना तोंडपाठ, पण द्विनोंदी (प्रत्येक व्यवहाराच्या दोन नोंदी, एक नावे, एक जमा) म्हणजे नक्की काय विचारलं की वर्ग गप्प.

यंदा म्हटलं फळा राहू दे. सांगलीत राहून दुसरा धंदा कशाला शोधायचा, वर्गातच भडंगाचं दुकान टाकलं. कागदी नोटा केल्या, पाच पोरांच्या गळ्यात पुठ्ठ्याच्या पाट्या अडकवल्या, कॅश, भांडवल, खरेदी, विक्री, बँक. व्यवहार झाला की दोघांनी उठायचंच, एकानं नावे ओरडायचं, एकानं जमा. ५०० रुपये भांडवल आलं आणि पहिलाच राडा, भांडवलवालं पोरगं म्हणतंय, "ओ मॅडम, पैसे मी घातले, दुकान माझं, मग मी जमेला कसा?" त्याला म्हटलं बाबा तू वेगळा, दुकान वेगळं, दुकान तुझं देणं लागतंय. पटलं नाही. मग ३० रुपयाचा एक असे १० पुडे रोखीनं घेतले, त्यातला एक ह्यानंच फोडून खाल्ला, मालक म्हणून! मी तिथंच धरला. उचल खातं (मालकानं स्वतःसाठी काढून घेतलेलं) नावे ३०, खरेदी जमा ३०, सहावी पाटी तयार करून त्याच्याच गळ्यात. तेव्हा कुठं डोक्यात शिरलं, नाहीतर हे मी दोन तास बडबडले असते.

सहा पुडे ४० नं विकले आणि गल्ल्यातले २०० बँकेत भरले. इथं मी दोन पोरींना पाठीला पाठ लावून बसवलं, एकीकडं दुकानाची वही, एकीकडं बँकेची. दुकानवालीनं लिहिलं बँक नावे २००, बँकवालीनं लिहिलं दुकान जमा २००. वह्या अदलाबदल केल्या आणि मागच्या बाकावरून आवाज आला, "म्हंजे मेसेज त्यांच्या वहीतला असतोय व्हय!" बास, एवढंच पाहिजे होतं मला.

शेवटी तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिल्लका नावे आणि जमा अशा दोन बाजूंना मांडून बेरीज जुळवायची. दोन्हीकडं ७४० यायला पाहिजेत, एका गटाचं जमेला ९२० आलं. एका पोरीचे वडील मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी आहेत, तिनं फरक काढला, १८०, नऊनं भाग गेला, म्हणाली आकडा उलटा पडलाय कुठंतरी. विक्री २४० च्या जागी ४२० लिहिली होती. (नऊनं भाग गेला म्हणजे दरवेळी हेच असतं असं नाही, पण आधी तिथंच बघायचं.)

शिल्लक तीन पुडे, ९० रुपये, पुढच्या तासाला लागणार म्हणून कपाटात ठेवले होते. सकाळी बघते तर दोनच. आता ह्याची नोंद कुठं करायची ते त्यांनाच घरचा अभ्यास म्हणून दिलंय.