रेस तोंडावर असताना कमी का धावायचं?

डिसेंबर संपत आला की हा प्रश्न ठरलेला: "चार महिने मेहनत घेतली, आता मुंबई मॅरेथॉन तोंडावर आली आणि तुम्ही म्हणता कमी धावा. सराव तुटणार नाही का?" तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नाही तुटणार. महिनोन्‌महिने कमावलेला दमसास दोन आठवड्यांत ओसरत नाही, फक्त धावणं पूर्ण बंद करू नका. लाँग रनचा थकवा दुसऱ्याच दिवशी अंगात असतो, फायदा मात्र सावकाश मुरतो. रेसच्या आधीच्या रविवारी ३२ किलोमीटर मारलेत तर रेसच्या दिवशी हाताशी फक्त थकवा उरेल.

कमी करायचं ते अंतर. वेग तोच ठेवायचा आणि धावण्याचे दिवसही शक्यतो तेवढेच. इथेच बरेच जण गल्लत करतात: आठवडाभर नुसतं सावकाश जॉगिंग, नाहीतर सरळ सुट्टी. १९९२ साली कॅनडातल्या एका प्रयोगात मध्यम पल्ल्याच्या धावपटूंनी रेसआधीच्या आठवड्याचे तीन प्रकार करून पाहिले: पूर्ण विश्रांती, थोडं पण सावकाश धावणं, आणि अगदी थोडं पण वेगात धावणं. दमेपर्यंत धावण्याचा वेळ तिसऱ्या प्रकारात सर्वांत जास्त, सुमारे २२ टक्क्यांनी वाढला. विश्रांतीने काहीच पदरात पडलं नाही. मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो.

म्हणून आठवड्याला ६० किलोमीटर धावत असाल तर आधी ४० वर या, आणि रेसच्या आठवड्यात, रेस सोडून, २० ते २५ वर. त्यातला मंगळवार असा: दोन किलोमीटर हळू, मग रेसच्या पेसने एकेक किलोमीटर तीनदा, मध्ये दोन-दोन मिनिटं चालणं. बस्स. अजून धावावंसं वाटत असतानाच थांबायचं. हे जमवणं लाँग रनपेक्षा अवघड जातं, तरी जमवाच.

मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी, त्यामुळे संक्रांत बहुधा टेपरमध्येच, म्हणजे रेसआधी धावणं घटवण्याच्या या दिवसांतच, येते. वजन किलोभर वाढलं की सगळे गुळपोळीला बोल लावतात. अहो, धावणं घटलं की स्नायूंत ग्लायकोजेन, म्हणजे धावताना लागणारं इंधन, साठतं, आणि त्याचा एक ग्रॅम साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतो. शेवटच्या टप्प्यात पेडर रोडच्या चढावर हाच साठा लागणार आहे. त्या आठवड्यात जेवण तोडू नका.

गुडघ्यात उगाच कळ येते, पोटऱ्या जड वाटतात, तेही बहुतेकांना होतं. लंगडावं लागत नसेल तर घाबरू नका. पण ती कळ खरी की भासाची हे बघायला म्हणून दहा किलोमीटर धावून येऊ नका.

हाफवाल्यांनो, आठवड्याला पंचवीसेक किलोमीटरच धावत असाल तर दोन आठवड्यांचा टेपर नको, सात-आठ दिवस पुरेत.