बार्बरटनमार्गे पिलग्रिम्स रेस्ट: सोन्याच्या जुन्या मुलखात दोन गाड्या

दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गहून क्रूगर अभयारण्याकडे निघालेले लोक वाटेत पिलग्रिम्स रेस्ट या सोन्याच्या जुन्या खाणगावात तासभर थांबतात, पॅनकेक खातात आणि म्हणतात, झाल्या खाणी बघून. आम्ही दोन गाड्या काढून आधी बार्बरटन गाठलं. तुम्हीही हाच क्रम ठेवा.

एन-४ महामार्ग उत्तम आहे, पण टोलनाके बरेच. बार्बरटन वसलं १८८४ साली. शेबा खाणीच्या सोन्याने गावात शेअर बाजार आला; त्याची आता नुसती दर्शनी भिंत उभी आहे. १८८६ मध्ये जोहान्सबर्गकडच्या विटवॉटर्सरँडला सोनं लागलं आणि गर्दी तिकडे पळाली.

खरी मजा एस्वातिनीच्या (पूर्वीचं स्वाझीलँड) बुलेम्बू सीमेकडे चढणाऱ्या घाटात आहे. हे माखोंजवा डोंगर २०१८ पासून युनेस्कोच्या यादीत आहेत. आपल्या सह्याद्रीचा कातळ साधारण साडेसहा कोटी वर्षांचा. इथले खडक ३२५ ते ३६० कोटींचे! थांब्याथांब्यावर माहितीफलक आहेत. वाळूच्या खडकात प्राचीन भरती-ओहोटीच्या खुणा दिसतात, तिथे आमच्यातले दगडांना कंटाळलेलेही गुडघे टेकून बसले. अर्धा दिवस तरी द्या. पेट्रोल आणि डबा बार्बरटनहूनच घ्या.

याच डोंगरांवरून बुलेम्बूच्या खाणीतलं अ‍ॅस्बेस्टॉस रोपवेने वीस किलोमीटरवर बार्बरटनला उतरायचं. ती खाण २००१ मध्ये बंद पडली. पलीकडे एस्वातिनीत जायचं तर दक्षिण आफ्रिकेचा व्हिसा पुन्हा प्रवेश देणारा आहे ना, ते आधी बघा. भाड्याच्या गाडीला सीमा ओलांडायचं परवानगीपत्र लागतं. आमच्याकडे ते नव्हतंच, म्हणून सीमेपासून मागे फिरलो.

पिलग्रिम्स रेस्टला १८७३ मध्ये ओढ्याच्या वाळूत सोनं सापडलं. पत्र्याची घरं देखणी आहेत, जरा जास्तच रंगवलेली. दुकानांपेक्षा चढावरची दफनभूमी बघा. बाकी थडगी एका दिशेला, चोराचं तेवढं आडवं. वर नावही नाही, फक्त ‘चोराची कबर’. ग्रुपमध्ये वाद रंगला तो शिक्षा मेल्यावरही चालू ठेवावी का यावर.

मोकळ्या दिसणाऱ्या जुन्या बोगद्यांत शिरू नका. आत बेकायदा खोदकाम करणारे असू शकतात आणि छताचाही भरवसा नाही. मुक्काम ग्रास्कॉपला सोयीचा, पंधरा-सोळा किलोमीटरवर. घाटात धुकं दाटतं आणि रस्त्यात खड्डेही आहेत, तेव्हा उजेड असतानाच निघा. दोन गाड्या असतील तर मागच्या गाडीचे दिवे आरशात दिसत राहतील एवढंच अंतर ठेवा.