बांबू गावाचा, टीपी कुणाची?

सामूहिक वनहक्काचा पट्टा, म्हणजे गावाच्या जंगलावरच्या हक्काचा कागद, मिळाला की गाव जंगलाचं धनी झालं, असं समजणारे पुष्कळ आहेत. गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाला सुमारे १,८०० हेक्टरचा पट्टा २००९ मध्येच मिळाला. तरी गावाने तोडलेला बांबू बाहेर जाईना, कारण वाहतूक परवाना, म्हणजे टीपी, वनखात्याच्या कपाटात.

खात्याचं म्हणणं सरळ होतं: १९२७ च्या वन कायद्यात (२०१७ पर्यंत) बांबू ‘झाड’ होता. २००६ चा वनहक्क कायदा मात्र बांबू गौण वनोपजात, म्हणजे लाकूड सोडून जंगलातल्या इतर उपजात, घालतो आणि त्याची मालकी गावाला देतो. शास्त्राने गवत, एका कायद्याने झाड, दुसऱ्याने गौण वनोपज! एरवी हाच बांबू कागद कारखान्यांना सवलतीत जात होता, तेव्हा मात्र झाड की गवत हा प्रश्न कुणाला पडला नाही. ‘मावा नाटे, मावा राज’ (आमच्या गावात आमचं राज्य) म्हणणाऱ्या मेंढ्याने हट्ट सोडला नाही. २१ मार्च २०११ ला तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी बांबू गौण वनोपजच आहे, असं सगळ्या मुख्यमंत्र्यांना कळवलं. २७ एप्रिलला मेंढ्यात येऊन त्यांनी टीपीचं पुस्तक गावचे पुढारी देवाजी तोफा यांच्या हाती दिलं.

२०१२ च्या सुधारित नियमांनुसार टीपी ग्रामसभेच्या समितीने किंवा ग्रामसभेने नेमलेल्या माणसानेच द्यायची. रॉयल्टी नाही, फी नाही. घोळ होतो तो लिहिण्यात. अनुक्रमांक, तारीख, माल कुठला, नग किंवा बंडल, गाडी नंबर, कुठे जाणार, मुदत कधीपर्यंत, हे सगळं हवं, आणि स्थळप्रतीवरही तेच हवं. वनखात्याच्या तपासणी नाक्यावर मोजणी जुळली नाही किंवा मुदत उलटली, तर गाडी अडकते आणि व्यापारी त्या दिवसाचं भाडं गावाच्या बिलातून कापतो. सर्वांत वाईट म्हणजे सही-शिक्का मारलेलं कोरं पुस्तक ठेकेदाराकडे ठेवणं. मग दुसऱ्याच जंगलातला माल तुमच्या नावावर निघतो, आणि विचारणा होते ती तुम्हाला.

तोडीतही घाई नको. यंदाचे आणि गेल्या वर्षीचे कोंब तोडायचे नाहीत. त्यांना आधार म्हणून रांजीत (बांबूच्या बेटात) काही जुने बांबूही ठेवायचे, नाहीतर नवे वाऱ्याने आडवे होतात. जमिनीपासून १५ ते ४५ सेंटीमीटरवर, पेराच्या (गाठीच्या) अगदी लगत वर, कोयता धारदार ठेवून कापायचं. पेराच्या बराच वर कापलं तर उरलेल्या पोकळ नळीत पाणी साचतं आणि खुंट कुजतो. जुलै ते सप्टेंबर तोड बंद. ऑगस्टमध्ये गाडी काढायचीच असेल, तर माल उन्हाळ्यातल्या तोडीचा आहे हे दाखवणारी साठा नोंदवही टीपीसोबत द्या. नाक्यावर पहिला प्रश्न तोच येतो.