आमची वाटचाल : वाकड्या धामणीचे धनुष्य

पत्र्याच्या शेडला कारखाना म्हणावे की नाही, यावर आमच्या घरात अजून एकमत झालेले नाही. परंतु जावळी तालुक्यातील या शेडमध्ये 1991 पासून आम्ही धामण या झाडाच्या लाकडाची आणि बांबूची धनुष्ये करतो, आणि या चौतीस वर्षांत धंदा एकदाच बंद पडायला आला होता. तो का आला, कोणामुळे आला आणि कोपऱ्यात पडून राहिलेल्या एका वाकड्या फाळक्याने, म्हणजे फाडून काढलेल्या लाकडाच्या तुकड्याने, कसा सावरला, हे थोरल्या मुलीच्या आग्रहावरून लिहून ठेवत आहे. या कामातल्या मंडळींना यातील बरेचसे ठाऊक असेल. त्यांनी तेवढा भाग ओलांडून पुढे जावे.

वडील कुऱ्हाडीचे आणि कुदळीचे दांडे करीत, कावडी करीत, आणि दांड्याला त्यांचे लाकूड एकच, धामण. हिसका बसला तरी ती मोडत नाही आणि वाकवून सोडली की पुन्हा जागेवर येते. संस्कृतात या झाडाला धन्वन आणि धनुर्वृक्ष अशी नावे आहेत, हे आम्हाला पुष्कळ वर्षांनी एका गुरुजींकडून कळले. वडिलांना ते माहीत नव्हते, तरी गिऱ्हाइकासमोर ते दांड्याचे एक टोक उंबऱ्यात अडकवून दांडा कमानीसारखा वाकवून दाखवीत. ते पाहूनच वडिलांच्या मावसभावांना, ज्यांना आम्ही सगळे नाना म्हणत असू, धनुष्य करण्याची कल्पना सुचली. नाना आमचे पहिले भागीदार. भांडवल म्हणून त्यांनी चार हजार रुपये आणि दोन मुठींची एक सुरी आणली. रुपये वर्षभरात संपले. सुरी अजून आहे; पाजळून पाजळून तिचे पाते बोटाएवढे अरुंद झाले आहे, उजवी मूठ दोनदा बदलली आहे, आणि नवीन आलेल्या पोराला पहिले सहा महिने आम्ही तिला हात लावू देत नाही.

आमचे पोट बांबूवर चालते, हे कबूल केले पाहिजे. राष्ट्रीय स्पर्धांतील इंडियन राउंडमध्ये साधे बांबूचे धनुष्य घेऊन तीस आणि पन्नास मीटरवर नेम धरावा लागतो, आणि शाळांची मागणी प्रामुख्याने त्यासाठी असते. 2017 च्या अखेरीस कायद्यात बदल होऊन वनक्षेत्राबाहेरचा बांबू झाडांच्या व्याख्येतून वगळला गेला, तेव्हापासून शेतातला बांबू आणणे सोपे झाले. धामणीचे तसे नाही. मालकीच्या रानातले झाड असले तरी तोडण्याची परवानगी आणि वाहतुकीचा पास यांसाठी खेटे घालावे लागतात, त्यामुळे वर्षाकाठी दोन-तीन झाडे हाती लागली तरी पुष्कळ, आणि त्यांतले सरळ असते ते दांडेवाल्यांनी आधीच बोलून ठेवलेले असते. आमच्या वाट्याला येते ते बांधावरचे, गुरांनी शेंडा खाल्लेले, उन्हाकडे वळत वळत वाढलेले. नवीन मुलांना माझे सांगणे आहे की असे झाड करवतीने कापू नये. पाचरी मारून, मोगरीच्या ठोक्याने फाडावे. तंतू जिकडे जातात तिकडे फाट जाऊ द्यावी, आणि दोन्ही टोकांना त्याच दिवशी जाड रंग फासावा. रंग उद्या लावू म्हणणाऱ्याच्या लाकडाला सकाळी वीतभर भेग पडलेली असते.

2011 च्या फेब्रुवारीत एका ठेकेदाराने उन्हाळी शिबिरांसाठी साठ धामणी धनुष्यांची मागणी नोंदवली. एवढी मोठी मागणी आम्ही कधी पाहिली नव्हती. लाकूड होते, पण ते दिवाळीच्या सुमारास फाडलेले, म्हणजे जेमतेम चार महिन्यांचे. नानांचा नियम असा की फाळका दर आठवड्याला तोलायचा आणि ओळीने तीन आठवडे वजन हलले नाही की मगच त्याला हत्यार लावायचे. या नियमाने जाडजूड फाळक्याला वर्षही लागते. मी तो नियम गुंडाळून ठेवला. फाळके पत्र्यावर उन्हात टाकले, एप्रिलच्या उन्हाने ते वरून खडखडीत वाजू लागले, आणि आत ओल तशीच राहिली. नाना दोनदा म्हणाले, “तोलून तरी बघ.” मी तोललेही नाही. मेच्या पहिल्या आठवड्यात साठ धनुष्ये गेली, आणि महिन्याअखेरपर्यंत त्यांतली सतरा मोडून परत आली. उरलेल्यांतल्या बहुतेकांच्या पोटाला, म्हणजे ओढणाऱ्याकडच्या अंगाला, आडव्या चुण्या पडल्या होत्या आणि दोरी काढली तरी ती ओढल्यासारखीच वाकलेली राहत होती. एका मुलाच्या कपाळाला खरचटले. त्याहून अधिक काही झाले नाही, ही देवाची कृपा; परंतु ठेकेदाराने आगाऊ दिलेले वीस हजार सोडून बाकी रक्कम दिली नाही, आणि मागायला आम्हाला तोंडही नव्हते. आणि लेखी करार नव्हताच, हेही सांगितले पाहिजे. संस्थांचे काम तोंडी शब्दावर घेऊ नये, मग समोरचा कितीही गोड बोलो.

नानांनी त्या पावसाळ्यात भागीदारी सोडली. भांडण झाले नाही. ते हिशेबाला बसले, आपल्या वाट्याचे कर्ज त्यांनी फेडले, आणि जाताना सुरी खुंटीवर ठेवून गेले.

चूक माझी होती, हे मी वर लिहिलेच आहे. परंतु त्या चुकीचा बाजार ज्याने मांडला त्याच्याविषयी लिहिल्याशिवाय ही हकिगत पुरी होत नाही. हा गृहस्थ आमच्याकडे दीड वर्ष कामाला होता. कानस कशी धरायची, हे त्याला मी शिकवले. तो आमच्या मापाच्या फळ्या कागदावर उतरवून घेऊन गेला आणि त्याने मोठ्या रस्त्यावर दुकान थाटले. आमची धनुष्ये मोडल्याची बातमी त्याने शाळाशाळांतून अशा तत्परतेने पोहोचवली की पोस्टालाही जमले नसते. त्यावरही मी काही बोललो नसतो, कारण मोडली हे खरेच होते. माझे दुःख वेगळे आहे. तो बाहेरून फायबरची तयार धनुष्ये आणून त्यांवर तपकिरी रंग देऊन, वर ब्रशने लाकडाच्या रेषा काढून ती ‘सह्याद्रीची हस्तनिर्मित धनुष्ये’ म्हणून विकत असे. त्यातले एक आमच्याकडे दोरी बदलायला आले होते. मी नखाने खरवडून पाहिले, तर त्यावर दोन गाठीसुद्धा रंगवलेल्या होत्या. ज्या गाठीपायी आमचे आठवडेच्या आठवडे जातात ती गाठ त्याने ब्रशच्या दोन फटकाऱ्यांत उठवली होती, आणि ती चुकीच्या दिशेला होती. तंतू गाठीला वळसा घालून जातात, आरपार जात नाहीत. लोकांना ती माझ्या धनुष्यांपेक्षा अधिक ‘अस्सल’ वाटत, हे मी आजही विसरू शकत नाही.

2012 च्या उन्हाळ्यापर्यंत पतसंस्थेचे चार हप्ते थकले होते, घरातल्या पाटल्या गहाण पडल्या होत्या आणि मी पुन्हा दांडे करू लागलो होतो. अशा वेळी गुरुजी आले. गुरुजी म्हणजे तालुक्यातले निवृत्त क्रीडाशिक्षक, आमचे अगदी पहिल्या वर्षापासूनचे गिऱ्हाईक. त्यांना स्वतःसाठी धनुष्य हवे होते. मी त्यांना बांबूचे घ्या म्हटले. त्यांनी शेडमध्ये एक फेरी मारली आणि कोपऱ्यातला तो फाळका उचलला. “हा का राहिला?” त्यांनी विचारले. तो का राहिला हे डोळ्यांना दिसतच होते. आठ वर्षांपूर्वी बांधावरून आलेल्या झाडाचा तो शेवटचा तुकडा. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे वळलेला, एका टोकाला पीळ पडलेला, आणि खालच्या बाहूच्या, म्हणजे मुठीखालच्या अर्ध्या भागाच्या, मध्यावर लिंबाएवढी गाठ असलेला. नानांनी तो दोनदा सरपणातून परत आणून ठेवला होता. गुरुजी म्हणाले, “वाळलेला तर आहे ना? मग हाच करा. मला घाई नाही.”

ते धनुष्य करायला मला पाच महिने लागले. आधी पाठ, म्हणजे नेमाकडची बाजू, साफ केली. साल काढली आणि त्याखालच्या तंतूंना सुरीचा ओरखडाही लागू दिला नाही, कारण ओढताना सगळा ताण पाठीवर येतो. मग टोकापासून टोकापर्यंत खडू लावलेला दोरा ताणून टिचकी मारली. ती रेघ मुठीच्या मध्यातून जायला हवी होती. ती मुठीच्या बाहेर, दोन बोटे डावीकडे पडली. म्हणून बाहू पाऊण इंच जाडीवर आणून पातेल्यावर पत्र्याचे नळकांडे बसवले आणि इंचाला एक तास या हिशेबाने पाऊण तास वाफ दिली. बाहेर काढल्यावर काम करायला मिनिटभरही मिळत नाही. मुलगी तेव्हा नववीत होती, ती एक शिकंजा आवळे आणि मी दुसरा. चार खेपांत वळण निघाले आणि पाचवीत पीळ. दर खेपेनंतर आठवडाभर थांबून मी लाकूड पुन्हा तोलले, या वेळी नानांचा नियम पाळून.

गाठीशी मी भांडलो नाही. तिच्या दोन्ही अंगांना लाकूड रुंद ठेवले आणि पोटाकडून तिथे फुगवटा राहू दिला, त्यामुळे खालचा बाहू साप गिळलेल्या बेडकासह पडावा तसा दिसतो. खरी अडचण तोल काढताना, म्हणजे दोन्ही बाहू सारखे वाकतील असे लाकूड खरवडताना आली. सरळ लाकडाचा तोल कमानीच्या आकारावरून कळतो, वाकड्याचा कळत नाही. ते मुळातच जिथे वाकडे आहे तिथे फार वाकते आहे असे वाटते, आणि माणूस नको तिथे लाकूड ठेवतो नि नको तिथे काढतो. तुळईच्या कप्पीने धनुष्य ओढून पाहत दोन दिवस फसल्यावर मला सुचले. दोरी न लावलेले धनुष्य भिंतीवर धरून मी त्याची कड कोळशाने गिरवली, आणि मग धनुष्य किती वाकडे दिसते हे पाहण्याऐवजी ते त्या रेघेपासून प्रत्येक वितीला किती सरकते हे मोजत गेलो. जिथे कमी सरकले तिथे खरवडपट्टीचे पाच हात, मग तीस वेळा ओढणे, मग पुन्हा मोजणे. दोरी अट्ठावीस इंचांपर्यंत ओढल्यावर ताणकाट्यावर चौतीस पौंड आले, तेव्हा मी पट्टी खाली ठेवली. जाडी दहावा हिस्सा कमी केली की ताकद चौथ्या हिश्श्याहून अधिक उतरते, म्हणून थांबता येणे हीच यातली अक्कल आहे.

गुरुजी ते धनुष्य घेऊन जिथे जिथे स्पर्धा असत तिथे गेले. कोणी हसले की ते त्याच्या हातात धनुष्य देत. त्या हिवाळ्यात धामणीच्या अकरा धनुष्यांची मागणी आली, पुढच्या वर्षी पाटल्या सुटल्या आणि पतसंस्थेचा दाखलाही मिळाला. नाना येऊन भिंतीवरची रेघ पाहून गेले. बोलले काही नाहीत, चहा मात्र दोनदा घेतला.

त्यानंतरची दहा वर्षे काम चालू होते. 2023 च्या ऑगस्टमध्ये साताऱ्याची अदिती स्वामी बर्लिनला जागतिक अजिंक्यपद जिंकली आणि पालक मुलांना घेऊन दारात येऊ लागले. तिचे धनुष्य कंपाउंड, चाकांचे. आमचा त्याच्याशी काही संबंध नाही, हे मी प्रत्येकाला सांगतो. मोठ्या रस्त्यावरच्या दुकानात काय सांगतात, ते विचारायला मी गेलेलो नाही.

गेल्या दिवाळीनंतर गुरुजी ते धनुष्य घेऊन आले. पंचाहत्तरीला चौतीस पौंड ओढवत नाहीत, थोडे उतरवून द्या, असे म्हणाले. मी त्यांना दुसरे हलके धनुष्य फुकट देऊ केले, ते त्यांनी नाकारले. आधी मी ते भिंतीवरच्या कोळशाच्या रेघेवर धरून पाहिले. बारा वर्षांत ते दोन बोटे बसले, म्हणजे कायमचे वाकले होते, गाठीजवळ मात्र तसूभरही हलले नव्हते. पंधरा मिलीमीटर जाडीतून दीड मिलीमीटर काढायचे होते. दोन्ही बाहूंवरून पट्टी फिरवायला मला सबंध दिवस लागला, आणि हे काम मी मुलीलाही करू दिले नाही. संध्याकाळी काटा पंचवीसवर थांबला. गुरुजींनी दारात उभे राहून दोनदा ओढून पाहिले, मजुरी विचारली, आणि मी नको म्हणत असताना मुलीने पावती फाडून त्यांच्या हातात दिली.