पायथ्याचं गाव

डोंगराच्या कौतुकात पायथ्याच्या गावाचं नाव सहसा येत नाही. लोक जातात माथेरानला, नेरळला नुसते गाडी बदलतात. शिमल्याचे फोटो घरोघरी, कालकाचा एक सापडायचा नाही. मला मात्र ही खालची गावं आवडतात. तिथे डोंगर शोभेचा नसतो, त्याच्याशी रोजचा व्यवहार असतो.

रायगडातलं कर्जतच घ्या. पुण्याकडे निघालेल्या कितीतरी गाड्या तिथे थांबतात त्या मागे जादा इंजिनं जोडून घ्यायला. पुढे बोरघाट. चढ सदतीसास एक, म्हणजे सदतीस मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर. ऐकायला किरकोळ वाटतं. पण लोखंडी रुळावर लोखंडी चाक, त्याला एवढाही चढ जड जातो. म्हणून ही मागून रेटणारी ‘बँकर’ इंजिनं. लोणावळ्याला ती सुटतात आणि पुढच्या गाडीसाठी पुन्हा खाली येतात. १८६३ साली या घाटातून रेल्वे सुरू झाली. वाफ गेली, वीज आली, रेटणं काही चुकलं नाही. डब्यातल्या माणसाला त्याची खबर लागते ती एका हलक्या धक्क्यापुरती, तीही जागा असला तर. थळघाटाखाली कसाऱ्यालाही हाच उद्योग.

नदीची तऱ्हा उलटी. डोंगरातून ती दांडगाईने धोंडे लोटत आणते आणि पायथ्याशी उतार मोडला की जोर ओसरून सगळं तिथेच टाकते. हिमालयाखाली, हल्द्वानी-काठगोदामच्या भाबर पट्ट्यात, या दगडगोट्यांचा थर एवढा जाड आहे की लहान ओढे त्यात मुरून चक्क दिसेनासे होतात आणि खाली तराईत पुन्हा वर येतात. म्हणजे धोंडे पायथ्याला, ओलावा पुढच्यांना. ही वाटणी कोणी केली असेल ती असो, पायथ्याला विचारून नक्कीच केलेली नाही.

उजाडण्या-मावळण्याची वेळही डोंगरच ठरवतो. तो पूर्वेला असेल तर ऊन उशिरा येतं, पश्चिमेला असेल तर लवकर जातं. पंचांगाला तिथे कोण विचारतो! एका बाबतीत मात्र तो उदार आहे. निरभ्र रात्री उतारावरची हवा थंड होऊन जड होते आणि घसरत खाली गावात येते. वर हॉटेलात ज्याचे पैसे मोजावे लागतात, तो गारवा इथे पहाटेपर्यंत थोडा थोडा घरपोच मिळतो. दुपारचा उकाडा मात्र ज्याचा त्याने सोसायचा.