‘गोवर निरंक’ म्हणून गेलो आणि गुडघाभर गाळात सापडलो

आधीच सांगतो, नर्मदेच्या काठाकाठाने शॉर्टकट आहे असं कोणी म्हणालं तर हात जोडा आणि वरच्या वाटेने जा. मार्चमध्ये तर नक्कीच. का ते पुढे येतंच.

मी लॅब टेक्निशियन, नाशिकला असतो. नंदुरबारच्या धडगाव तालुक्यात ताप-पुरळाच्या, म्हणजे गोवराचा संशय असलेल्या केसेस शोधायला चार दिवस टीम चालली होती, सुट्टी टाकून मीपण गेलो. काम कागदावर सोपं. घरोघरी जायचं, तीन महिन्यांत कुणाला ताप आणि अंगावर पुरळ येऊन गेलं का विचारायचं, पाच वर्षांखालच्या पोरांची लसीची कार्डं बघायची, ताजी केस सापडली तर रक्त घ्यायचं. ज्या भागात जायचं त्याचे आठवड्याचे रिपोर्ट आधीच बघितले होते, सगळ्यांवर एकच शब्द, निरंक, म्हणजे शून्य केसेस. आणि फोनवर सांगितलं गेलं की होळीनंतर या, लोक मोकळे असतात, पाड्यापर्यंत गाडी जाते.

तिन्ही गोष्टी चुकीच्या.

होळीचं आधी. सातपुड्यातली माणसं दिवाळीनंतर गुजरातेत कामाला जातात आणि होळीला काहीही करून घरी येतात. म्हणजे भोंगऱ्या बाजार (होळीआधीचा आदिवासींचा बाजार) ते होळी हा आठवडा तुमचा. आम्ही पोचलो होळीनंतर आठ दिवसांनी, निम्म्या घरांची कुडाची दारं दोरीने बांधलेली, अंगणात फक्त कोंबड्या. ती पोरं गेली कुठे तर परत गुजरातेत, तिथे ती कुणाच्याच यादीत नसतात आणि इथे यादीत असून घरात नसतात.

पहिले दोन दिवस धडगावच्या आसपासचे पाडे केले. डांबरी रस्ता, जेवण झकास, सांगण्यासारखं काही नाही.

तिसऱ्या दिवशी जीप. नदीकडच्या फाट्यापर्यंत स्पेशल करायची म्हणून आमच्याकडून २,२०० रुपये घेतले, तेही घासाघीस करून. परत येताना बाजाराचा दिवस होता, तोच रस्ता, तीच जीप, सीटला ६० रुपये!! ड्रायव्हर हसत होता वर. बाजार कुठल्या वारी आहे ते आधी विचारा आणि त्या दिवशी लोकांबरोबर कोंबून बसा, बस्स. गाडी ‘पाड्यापर्यंत’ म्हणजे डोंगराच्या माथ्यापर्यंत. पाडा खाली दिसतो, दीड तास सांगितला होता, आम्हाला सव्वातीन लागले, खांद्यावर व्हॅक्सिन कॅरियर (आइसपॅक घातलेली थंड पेटी), मुरमाड उतार, सावली शून्य. चालायची सवय नसेल तर येऊ नका, टीमचा वेळ जातो.

यादीत बावीस घरं. मी म्हटलं दोन तासात उडवू. पण इथे आळी-बिळी भानगड नाही, प्रत्येक घर आपापल्या टेकडीवर आपापल्या शेतात. एक घर झालं की उतरा, नाला ओलांडा, परत चढा. दुपारपर्यंत नऊ घरं झाली, त्यातली चार बंद.

आणि विचारायचं कसं ते शिका. “गोवर आला होता का?” विचारलं की सगळे मान हलवून नाही म्हणतात. आमच्यासोबतच्या आशाताईंनी पावरीत, म्हणजे इथल्या बोलीत, वेगळंच विचारलं, ताप, नाक गळणं, डोळे लाल आणि मग कानामागून सुरू होऊन खाली अंगभर बारीक दाणे, असं कुणाला झालं का. एक आजी लगेच म्हणाली, हो, माता येऊन गेली. तारीख विचारू नका, सण विचारा. भोंगऱ्या बाजाराच्या आधी की नंतर? आधी एकाला, नंतर दोघांना. आतल्या अंधारात अडीच वर्षांची पोर बसलेली, बाहेर उजेडात आणून बघितली तर मानेवर, कानामागे तपकिरी डाग आणि त्यावरून कोंड्यासारखी कातडी सुटत होती. पुरळ गेल्यावर गोवर एवढीच खूण ठेवतो, तीही थोडेच दिवस. आईने आढ्याला खोचलेली प्लॅस्टिकची पिशवी काढली, त्यात कार्ड, घडीवर झिजलेलं. नवव्या महिन्याचा एमआर (गोवर-रुबेलाची लस) दिलेला. दुसरा डोस १६ ते २४ महिन्यांत, तेव्हा हे सगळे गुजरातेत. रकाना कोरा.

आमच्या टीममधले जुने सर खाली बसूनच लिहीत होते, ते म्हणाले, अरे जिथे एकही ताप-पुरळ सापडत नाही तिथेच मला घाम फुटतो. नीट शोधलं तर वर्षाला लाखामागे निदान दोन केसेस अशा मिळायलाच हव्यात ज्या तपासल्यावर गोवरही नाही आणि रुबेलाही नाही. त्याही नसतील तर शोधलंच नाही समजायचं. निरंकचा अर्थ मला तिथे कळला. कोणी जाऊन काही सापडलं नाही तरी निरंक आणि कोणी गेलंच नाही तरी निरंक. एका सिस्टरकडे दोन उपकेंद्रं, रेंज फक्त माथ्यावर, आठवड्याचा आकडा फोनवर तर द्यायचाच आहे. मी तिला दोष देणार नाही, सव्वातीन तास उतरून बघा मग बोला. २०२२ ला गोवंडीत गोवर पसरला तेव्हा टीव्हीवर होता, इथे पसरला तर आजी आणि आशाताई सोडून कुणाला कळणार?

तीन रक्तं घेतली. पुरळाच्या २८व्या दिवसापर्यंतच चालतात, म्हणून तो बाजार-होळीचा हिशोब दोनदा केला. पोरांना ‘अ’ जीवनसत्त्वाचा डोस दिला, दुसरा दुसऱ्या दिवशी द्यायला आशाताईंकडे ठेवला. इथपर्यंत सगळं ठीक.

मग एक होडीवाला भेटला. म्हणाला वर कशाला चढता, पाण्याने पुढच्या गावी सोडतो, तिथून जीप मिळते, माणशी २००. दमलो होतो, हो म्हणून बसलो. आता सरदार सरोवराचं पाणी उन्हाळ्याकडे जसजसं उतरतं तसा काठावर गाळ उघडा पडतो, वरून वाळून भेगा पडलेला असतो आणि पक्का वाटतो. होडी काठापासून वीस-पंचवीस पावलांवर थांबली. “उतरा, घट्ट आहे.” पहिल्या पावलाला घोटा, तिसऱ्याला गुडघा, मग दुसरा पाय निघेना. कॅरियर डोक्यावर धरलेला, मी ताठ उभा, होडीवाला लांबून सूचना देतोय. एका पोराने काठावरून बांबू टाकला, त्याला धरून आडवं होत होत निघालो, एक बूट तिथेच राहिला, अजून असेल. पंचवीस पावलांना चाळीस मिनिटं. आणि जीप? नव्हतीच. तीन किलोमीटर चढ, एका पायात बूट, दुसऱ्यात गमछा गुंडाळलेला.

जे येणार असतील त्यांच्यासाठी सांगतो, आइसपॅक फ्रीजरमधून काढून लगेच भरू नका, बाहेर ठेवा, हलवल्यावर आत पाणी वाजलं पाहिजे मगच कॅरियरमध्ये. रक्ताची ट्यूब पॅकला थेट टेकू देऊ नका, कागदात गुंडाळून पिशवीत, आणि उभी. हे मी स्वतः दुसऱ्यांना शिकवतो हं. पण गाळात कॅरियर कलंडला तेव्हा एक ट्यूब निसटून पॅकला चिकटून बसली आणि रात्री धडगावला उघडलं तर सिरम लालभडक. रक्त फुटलेलं, वाया.

बाकी दोन मुंबईला गेली, दोन्ही गोवर पॉझिटिव्ह. तालुक्यात चार आठवड्यांत पाच संशयित झाले की उद्रेक धरतात, आमचे एकाच पाड्यात तीन, आणि तेरा घरं बघायची राहिलीत. वाया गेलेली ट्यूब त्या अडीच वर्षांच्या पोरीची होती. तिचे २८ दिवस संपायला अजून आठ आहेत, परत कोणीतरी जायला हवं म्हणून काल फोन आला. मी हो म्हटलंय. बाजाराच्या दिवशी, साठ रुपयांच्या सीटवर, आणि चढून वर येणार.